एसआयपी चालू, कार्डही चालू : भांडुपमधल्या एका घराचा हिशोब

मी बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी घराजवळच्या वाचनालयात बसते. कुणी पासबुक घेऊन येतं, कुणी विम्याचे कागद. कुठला फंड घ्या ते मी सांगत नाही, ते काम सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाकडे, नोंदणी केलेल्या सल्लागारांचं. मी फक्त जमाखर्च मांडून देते. तिथे आलेल्या एका घराची हकिगत त्यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं आणि नोकरीची ठिकाणं दिलेली नाहीत, रकमा जवळपासच्या पूर्ण आकड्यांवर आणल्या आहेत.

हे घर निवडलं, कारण पैशांविषयीचा आजचा लोकप्रिय सल्ला या माणसांनी मनापासून पाळला होता. ती उधळी नव्हती, आळशी नव्हती. तीन वर्षांहून जास्त काळ नेमाने पैसे गुंतवून मार्च २०२४ मध्ये ती माझ्यासमोर बसली, तेव्हा घरातले दागिने गहाण होते.

पार्श्वभूमी

भांडुप पश्चिमेला भाड्याचं वन रूम किचन. तो ३६ वर्षांचा, ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्सला. ती ३३ वर्षांची, बी.एस्सी. झालेली, पॅथॉलॉजी लॅबसाठी सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणारी. मुलगी दुसरीत. सोबत सासूबाई, वय ६६, मधुमेह. सासरे लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना गिरणीचं दार परत उघडलं नाही. चाळीतली खोली पुढे नणंदेच्या लग्नात आणि सासऱ्यांच्या आजारपणात विकली गेली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज केलेला आहे आणि घराचा विषय निघाला की सासूबाईंचं वाक्य ठरलेलं असतं, ‘नंबर लागला तर...’

२०२० पर्यंत या घराची बचत जुन्या वळणाची होती. बँकेत महिना ३,००० ची आरडी. वर्षाला २४,००० हप्त्याची एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र. सासूबाईंची चाळीतल्या जुन्या बायकांबरोबरची भिशी, बारा जणी, महिना २,०००. आणि तिच्या अंगावरचं सोनं.

मग लॉकडाऊन आला. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात जवळजवळ ४,००० अंकांनी कोसळून २६,००० च्या खाली बंद झाला, आणि तिथून वर चढायला लागला. घरी बसलेल्या, अर्ध्या पगारावर आलेल्या या मुलाने तेव्हा पहिल्यांदा गुंतवणुकीचे व्हिडिओ बघितले. अकाउंट्सचा माणूस, त्यामुळे आकडे लगेच पटले. एफडी महागाईला हरते. विमा आणि गुंतवणूक एकत्र करू नये. म्युच्युअल फंड एजंटाशिवाय थेट, म्हणजे डायरेक्ट प्लॅनमध्ये घ्यावा, कमिशन वाचतं. मुंबईत घर विकत घेण्यापेक्षा भाड्याने राहून फरक गुंतवावा. पगार आला की आधी स्वतःला द्यावं, मग खर्च करावा. उत्पन्नाचे निम्मे गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला.

यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. डायरेक्ट प्लॅन तर सेबीने २०१३ पासून बंधनकारक केले तेव्हा मला स्वतःला आनंद झाला होता.

ऑगस्ट २०२० मध्ये त्याने आरडीच्या जागी ३,००० ची एसआयपी सुरू केली, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात. एप्रिल २०२१ पासून ती ८,००० केली आणि एप्रिल २०२२ पासून १५,०००. कपाटाच्या दाराला त्याने आतून एक कागद चिकटवला होता : महिना ५,०००, बारा टक्के, तीस वर्षं, १ कोटी ७६ लाख. गणित बरोबर आहे. सहा टक्के महागाई धरली तर तीस वर्षांनंतरच्या त्या रकमेत आजच्या साधारण ३१ लाखांएवढीच खरेदी होईल, ही ओळ मात्र त्या कागदावर नव्हती.

अडचण कुठे होती

पहिल्या रविवारी मी त्याच्याकडून घरखर्च लिहून घेतला. नोकरी जाण्याआधीचा. त्याचे ४२,००० आणि तिचे २१,०००, मिळून हातात ६३,०००. भाडं १८,०००. किराणा, दूध, गॅस १४,०००. शाळा आणि व्हॅन ६,५००. सासूबाईंची औषधं आणि तपासण्या ४,५००. वीज, मोबाइल ३,५००. लोकलचे पास, बस, रिक्षा ३,०००. गणपतीला गावी जाणं आणि गावच्या घराचा वाटा, महिन्यावर काढला तर २,०००. बेरीज ५१,५००.

म्हणजे उत्पन्नाचे सुमारे ८२ टक्के गरजांतच जात होते. त्यात हॉटेल नाही, सिनेमा नाही. पन्नास-तीस-वीसचा नियम अमेरिकेतून आला. भांडुपमध्ये भाडं भरणाऱ्या, एका म्हाताऱ्या माणसाची औषधं चालवणाऱ्या घराला तो लागू करायचा तर आधी कुणाला तरी घराबाहेर काढावं लागेल.

उरत होते ११,५००. एसआयपी जात होती १५,००० ची.

हे ३,५०० कुठून येतात, हा प्रश्न मी विचारला तेव्हा तो गप्प झाला. ते क्रेडिट कार्डवरून येत होते. एसआयपी पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जायची, कारण ‘आधी स्वतःला द्या’. महिनाअखेरीला किराणा कार्डावर. बिल आलं की पूर्ण भरायला पैसे नसत, म्हणून मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी. शिल्लक रकमेवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. एका खिशात बारा टक्क्यांची आशा आणि दुसऱ्या खिशाला ४२ टक्क्यांचं भोक. अकाउंट्सच्या माणसाला हे दिसलं कसं नाही, असं वाटेल. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ॲपमध्ये होत्या. एसआयपीचं ॲप तो रोज उघडायचा, कार्डाचं ॲप बिलाच्या दिवशी.

त्यातून एकामागून एक तीन धक्के बसले. जून २०२२ मध्ये घरमालकाने अकरा महिन्यांचा करार वाढवला नाही. जुनं डिपॉझिट हातात यायच्या आधी नव्या खोलीचं डिपॉझिट, एक महिन्याची दलाली आणि टेम्पो उभा करायचा होता. त्याने म्युच्युअल फंडातले ९०,००० काढले. बाजार त्या महिन्यात खाली होता, दोन वर्षांच्या गुंतवणुकीवर फायदा जवळजवळ शून्य दिसत होता. जुनं डिपॉझिट महिन्याभराने परत मिळालं, पण ते फंडात गेलं नाही. शाळेची फी आणि कार्डाचं बिल यांत विरघळलं.

ऑक्टोबर २०२३ अखेर त्याची नोकरी गेली. या कंपनीत सव्वाचार वर्षं झाली होती. पाच पूर्ण नसल्याने ग्रॅच्युइटी नाही, हातात एक महिन्याचा नोटीस पगार. एसआयपीचे पुढचे तीन हप्ते बाउन्स झाले, प्रत्येक वेळी बँकेचा दंड.

डिसेंबरमध्ये सासूबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आरोग्य विमा होता तो त्याच्या कंपनीचा, आणि तो नोकरीबरोबरच संपला होता. खासगी नर्सिंग होमचं बिल २,३५,००० : फंडातून १,१०,०००, सोनं गहाण ठेवून १,००,०००, कार्डावर २५,०००.

पॉलिसीचं काय झालं, हे मला उशिरा कळलं. ‘विमा आणि गुंतवणूक वेगळी ठेवा’ हे ऐकून २०२१ मध्ये त्याने ती सरेंडर केली होती. सहा वर्षांत भरलेले १,४४,०००, हातात आले ९६,०००. सल्ल्याचा दुसरा भाग होता की लगेच टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा घ्या. तो राहून गेला. ‘बघत होतो काकू, कंपन्यांची तुलना करत होतो.’ तीन वर्षं हे घर आयुर्विम्याशिवाय होतं. असं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. लोकप्रिय सल्ल्यातला मोडण्याचा भाग एका संध्याकाळी होतो, एफडी मोडा, पॉलिसी मोडा, भिशी सोडा. उभारण्याच्या भागाला मेडिकल तपासणी लागते, फॉर्म लागतात, हप्ता लागतो, आणि तो पुढच्या महिन्यावर जातो.

आता बेरीज. ऑगस्ट २०२० ते ऑक्टोबर २०२३ या काळात फंडात घातलेले ४,०५,०००. काढलेले २,००,०००. मार्च २०२४ ला शिल्लक २,८२,०००. म्हणजे नफा ७७,०००. फंडांनी आपलं काम चोख केलं होतं. त्याच काळात कार्डाचं व्याज, दंड आणि त्यावरचा कर मिळून गेलेले ६१,०००. उरले १६,०००. पॉलिसीतले बुडालेले ४८,००० यात धरलेले नाहीत.

समोरचे पर्याय

तो आला तेव्हा नवी नोकरी लागून तीन आठवडे झाले होते, पगार ४०,०००. कार्डावर १,६४,००० थकलेले, सोन्यावर १,००,०००. त्याला एकच विचारायचं होतं : एसआयपी परत १५,००० ने सुरू करू की १०,००० ने?

‘थांबवली तर कंपाउंडिंग, चक्रवाढ तुटते ना काकू.’

मी म्हटलं, कंपाउंडिंग कार्डावरही चालू आहे, आणि तिथे ते जास्त जोरात आहे.

फंड मोडून कार्ड फेडायचं, हा सरळ मार्ग होता. पण त्याच्या तीन फंडांपैकी एक ईएलएसएस निघाला, तीन वर्षं लॉक-इनचा. एप्रिल २०२२ पासून महिना ३,००० त्यात जात होते, कर वाचवायला. कर किती वाचला, म्हणून मी त्याची जुनी विवरणपत्रं बघितली. करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत, रिबेटमुळे कर शून्य. जो कर लागतच नव्हता तो वाचवण्यासाठी पैसे अडकवले होते. त्या फंडातले सुमारे ७०,००० काढता येणार नव्हते.

दुसरा मार्ग पीएफचा. २०१२ पासूनच्या नोकऱ्यांचा मिळून त्याच्या खात्यात ४,८०,००० होते. बेकारीच्या काळात त्याने ते काढायचा अर्ज केलाही होता. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नव्हती म्हणून तो नामंजूर झाला. खेपा घालून तारीख भरली जाईपर्यंत नवी नोकरी लागली. तेव्हा त्याला फार मनस्ताप झाला होता. मला त्या कागदांवर नजर टाकताना हायसं वाटलं. या घराची सगळ्यात मोठी मालमत्ता ती होती, म्युच्युअल फंडांच्या दीडपटीहून जास्त, आणि ती कुणाच्या सल्ल्याने जमलेली नव्हती. पगारातून आपोआप कापली गेली, दोन बाजूंनी भरली गेली, २०२२-२३ ला ८.१५ टक्के व्याज मिळालं, आणि सहज हात घालता येत नव्हता म्हणून टिकली.

तिसरा मार्ग, पर्सनल लोन घेऊन कार्ड फेडायचं. पंधरा-सोळा टक्क्यांनी मिळालं असतं. व्याज कमी झालं असतं, पण नवा हप्ता लागला असता आणि कार्ड रिकामं होऊन पुन्हा वापरायला मोकळं झालं असतं. कर्ज विभागात मी हा प्रकार इतक्यांदा पाहिला आहे की मी तो सुचवला नाही.

चौथा, सोनं विकायचा. हे तिच्यासमोर बोललं गेलं तेव्हा ती पहिल्यांदा ठामपणे बोलली, ‘बांगड्या आईच्या आहेत. सुटतील तेव्हा सुटतील.’ दागिने म्हणजे मृत गुंतवणूक, हेही त्याने कुठेतरी ऐकलेलं होतं. मी त्याची बाजू घेणार होते. घेतली नाही, कारण सोनेतारणाचं व्याज साडेदहा टक्के होतं आणि आग कार्डावर लागली होती.

सासूबाईंनी पोस्टातली त्यांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना मोडून देऊ केली. ३ लाख, ८.२ टक्क्यांनी. त्याचं दर तिमाहीला येणारं व्याज हाच त्यांचा हातखर्च. मी नको म्हटलं, आणि या एका निर्णयाबद्दल मला आजही जराही शंका नाही.

काय केलं

मार्च संपायच्या आत त्याने दोन मोकळ्या फंडांतून १,७०,००० काढले. जुनी युनिट्स आधी विकली जातात, त्यामुळे बहुतेक नफा दीर्घकालीन होता आणि त्या वर्षीच्या १ लाखाच्या करमुक्त मर्यादेत बसला, बाकीच्यावर रिबेटमुळे कर लागला नाही. कार्ड पूर्ण फेडलं. दोन कार्डांपैकी एक बंद केलं. फंडात उरले १,१२,०००. त्यातले लॉक-इनबाहेरचे ४२,००० मी सोनं सोडवायला काढ म्हणत होते. त्याने ऐकलं नाही. ‘सगळं शून्य झालं तर परत सुरू करायची हिंमत होणार नाही.’ मी आग्रह सोडला. पुढच्या पावणेदोन वर्षांत बाजार वर गेला, खाली आला, पुन्हा वर आला. सोनेतारणाचं वाचलं असतं ते व्याज आणि फंडात मिळालेली वाढ यांत फारसा फरक पडला नाही. त्याच्या मनाला मात्र पडला.

एसआयपी बंद ठेवली. पीएफ नव्या खात्यात वर्ग करून घेतला. एप्रिलमध्ये त्याचा ७५ लाखांचा टर्म प्लॅन आणि तिघांचा ५ लाखांचा आरोग्य विमा घेतला, दोन्ही मिळून वर्षाला ३४,०००. टर्म प्लॅन घ्या हे त्या व्हिडिओंनीच सांगितलं होतं, आणि ते शंभर टक्के योग्य होतं.

सासूबाईंचा विमा झाला नाही. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने ६५ वर्षांवरच्यांना पॉलिसी नाकारण्याची वयाची अट काढली आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, म्हणून चौकशी केली. मधुमेह आणि ताजी शस्त्रक्रिया, त्यामुळे हप्ता या घराच्या आवाक्याबाहेरचा. महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्या कुटुंबांना लागू करून संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला होता. रेशनकार्डावर त्यांचं नाव गावच्या पत्त्यावर होतं, ते इथे आणून कागद पूर्ण केले. ही सोय झाली, पण योजनेतली ठरावीक रुग्णालयं आणि ठरावीक उपचार एवढ्यापुरतीच.

तिसऱ्या रविवारी तो कामावर होता. ती एकटी आली, विम्याच्या फॉर्मवर सही करायला. जाताना दारात थांबून म्हणाली, ‘काकू, एक विचारू? लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला तर चालेल का आता?’

मग कळलं. बी.एस्सी. झालेल्यांना तो एक वर्षात होतो. २०२२ च्या मार्चमध्ये तिने फीचे ६०,००० मागितले होते. त्याने ॲपमध्ये आकडे घालून दाखवलं, हेच ६०,००० बारा टक्क्यांनी तीस वर्षं ठेवले तर जवळजवळ १८ लाख होतात. एवढ्या आकड्यापुढे ती काय बोलणार? पुढच्याच महिन्यात एसआयपी ८,००० वरून १५,००० झाली. ती वाढ नऊ महिने थांबवली असती तर फी निघाली असती.

मी पेन खाली ठेवलं. दोन रविवार मी या घराचा हिशोब करत होते आणि तिला तिच्या पगाराचा आकडा सोडून काहीच विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दोघांना समोर बसवलं. नमुने गोळा करणारीला २१,०००, डिप्लोमा असलेल्या टेक्निशियनला तिच्याच ओळखीच्या लॅबमध्ये तीस हजारांच्या वर. महिना नऊ-दहा हजारांचा फरक. फी आता ६८,००० झाली होती, तरी सात महिन्यांत वसूल. त्याने वहीत स्वतः आकडे मांडले, दोनदा तपासले, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘तेव्हाच करायला हवं होतं.’

फीचा पहिला हप्ता ३४,०००. जुलैमध्ये सासूबाईंची भिशी लागली होती. त्यांनी आपले २४,००० सुनेच्या हातात ठेवले. भिशीला व्याज नाही, भिशी मागासलेली, असं सांगणाऱ्यांचं गणित मला मान्य आहे. पण बारा ओळखीच्या बायकांसमोर हप्ता चुकवायची लाज ही या शहरात बचतीची फार जुनी शक्ती आहे, आणि तिचा मोबदला कुठल्या टक्क्यात मांडायचा ते मला माहीत नाही.

निष्पन्न

जुलै २०२४ ते जून २०२५ ती सकाळी नमुने, दुपारी क्लास, रात्री अभ्यास अशी राबली. मुलीला शाळेतून आणणं सासूबाईंनी काठी टेकत सांभाळलं. स्वयंपाकाची एक वेळ त्याने उचलली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिला एका धर्मादाय रुग्णालयाच्या लॅबमध्ये नोकरी लागली, हातात ३१,०००. त्याच महिन्यात, त्याच्या बोनसची भर घालून, सोनं सुटलं. तारण ठेवताना सोनं तोळ्याला साठ हजारांच्या थोडं वर होतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते १,२०,००० च्या पुढे गेलं. बांगड्या विकायचा सल्ला मी जवळजवळ दिला होता. तिचं नाही म्हणणं भावनेचं होतं, माझा विचार हिशोबाचा होता, आणि भाव कुठे जाणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

डिसेंबर २०२५ चा ताळा असा : कार्डावर थकबाकी नाही. अडीअडचणीसाठी एफडीत ८०,०००. सप्टेंबरपासून ५,००० ची एसआयपी पुन्हा सुरू, फंडात दीड लाखाच्या आसपास. दोघांचे पीएफ मिळून सात लाखांच्या घरात. घरात येणारे ७४,०००, भाडं १९,५००, आणि विम्यासकट सगळा खर्च भागून महिना सुमारे १४,००० उरतात. एफडीतली रक्कम सहा महिन्यांच्या खर्चाएवढी व्हायला अजून दोन-तीन वर्षं जातील. विम्याच्या पुढच्या हप्त्यांवर जीएसटी नसेल, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा तो कर २२ सप्टेंबर २०२५ पासून काढला गेला.

एक तुलना मी दोघांना लिहून दिली. सव्वातीन वर्षांच्या एसआयपीचा एकूण नफा ७७,०००. तिचा पगार वाढला तो वर्षाला १,२०,०००. दोन लाखांच्या पुंजीवर आठ टक्के मिळाले की बारा, यात वर्षाला ८,००० चा फरक पडतो. पुंजी वीस लाखांची झाली की हाच फरक ८०,००० होईल, तेव्हा फंड कुठला, खर्चाचं प्रमाण किती, यावर डोकं लावणं योग्य. या घराचं डोकं चार वर्षं त्या ८,००० वर लागलं होतं, आणि १,२०,००० ची गोष्ट शेजारी बसलेली होती.

वेगळं काय करता आलं असतं

त्याने २०२० मध्ये आरडी बंद करायला नको होती, असं मी म्हणणार नाही. पण लॉकडाऊनच्या अर्ध्या पगारात संपलेली शिल्लक आधी भरून काढायला हवी होती. फक्त ९०,००० बाजूला असते तर जून २०२२ ला पडलेल्या बाजारात फंड विकावा लागला नसता. हा सल्लाही त्या व्हिडिओंमध्ये होता, अगदी पहिल्या पाच मिनिटांत. तो कंटाळवाणा असल्याने मागे पडला, आणि पुढच्या पंचवीस मिनिटांत कोटीचा तक्ता आला.

एप्रिल २०२२ ची वाढ हा सगळ्यात महागात पडलेला निर्णय. दरवर्षी एसआयपी वाढवा, हे सूत्र पगार वाढलेल्या माणसासाठी आहे. त्याचा पगार त्या वर्षी वाढला होता १,८०० ने आणि एसआयपी वाढली ७,००० ने. त्याच वेळी तिची फी भरली असती तर ऑगस्ट २०२३ पासून घरात १०,००० जास्त आले असते, नोकरी जायच्या तीन महिने आधी. दोन वर्षं उशीर झाला, म्हणजे २,४०,०००.

कंपनीचा आरोग्य विमा हा आपला विमा नाही, हे मी आता वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच रविवारी सांगते. सासूबाई ६२ वर्षांच्या होत्या, खुबा शाबूत होता, तेव्हा त्यांची वेगळी पॉलिसी परवडली असती. ती वेळ गेली, आणि या घराच्या हिशोबातली ती उघडी जागा आजही तशीच आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माझीही एक चूक. समोर वही घेऊन आलेल्या माणसाशीच मी बोलत राहिले. बँकेतली सवय, कर्जदार कोण ते बघायचं आणि त्याच्याकडे तोंड करून बसायचं. ती दारात थांबली नसती तर मी कार्ड फेडून, विमा काढून, काम चोख झालं म्हणून फाइल मिटवली असती.

भाड्याने राहा आणि फरक गुंतवा, याबद्दल घरात अजून वाद आहे. मुंबईतलं भाडं घराच्या किमतीच्या मानाने कमी आहे, तेव्हा कागदावर त्याचं बरोबर. पण गुंतवायला फरक असावा लागतो, आणि या घराला आजवर तो कधी दिसलेला नाही. वर अकरा महिन्यांनी डिपॉझिट, दलाली, टेम्पो, मुलीची शाळा. सासूबाई म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून आहेत. ती बदलापूरच्या वन बीएचकेचे आकडे घेऊन येते, तो प्रवासाचे तास मोजून दाखवतो. चालू करार मार्चमध्ये संपतोय. मालकाने दीड हजार वाढवून मागितले आहेत, नाहीतर खोली सोडा म्हणतोय. एफडीतल्या ८०,००० ना हात लावायचा की वाढीव भाडं द्यायचं, यासाठी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी दोघं येणार आहेत. या वेळी वही ती आणणार आहे.